पायथनच्या फाईलमध्ये फंक्शन ते फंक्शन कसे फिरावे, आणि उडी चुकली तर काय पाहावे

‘पुढच्या फंक्शनवर जा’ ही सोय कोड लिहिण्याच्या बहुतेक एडिटरमध्ये असते. दिसायला ती एकच, पण आत चार निरनिराळ्या पद्धती असतात. पहिली पद्धत ओळीच्या सुरुवातीला डेफ (फंक्शन सुरू करणारा शब्द) किंवा क्लास हे शब्द शोधते. दुसरी डावीकडची मोकळी जागा मोजते. तिसरी फाईलचे व्याकरण लावून तिचे झाड तयार करते. चौथी लँग्वेज सर्व्हर नावाच्या वेगळ्या प्रोग्रामला विचारते. आपण दाबलेली कळ यांपैकी कशावर चालते हे माहीत असले, की कर्सर भलतीकडे का गेला ते लगेच उमगते. शॉर्टकटची यादी पाठ करण्याआधी एवढे समजून घ्यावेच.

उदाहरणाला नागपूर मेट्रोची एक छोटी फाईल घेऊ. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज लाईन आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही ॲक्वा लाईन सीताबर्डीला एकमेकींना भेटतात. आपल्या प्रोग्रामला एवढी माहिती पुरे. पायथन ३ मध्ये फंक्शनची आणि व्हेरिएबलची नावे देवनागरीत चालतात, म्हणून ती तशीच ठेवली आहेत. डेफ, क्लास, रिटर्न हे शब्द मात्र इथे उच्चाराप्रमाणे छापले आहेत, प्रत्यक्ष फाईलमध्ये ते रोमन लिपीतच टाइप करायचे.

१  क्लास मार्ग:
२      डेफ स्थानके_वाच(सेल्फ, फाईल):
३          डेफ ओळ_तपास(ओळ):
४              रिटर्न ओळ.स्ट्रिप()
५          यादी = [ओळ_तपास(ओ) फॉर ओ इन फाईल]
६          रिटर्न यादी
७      @प्रॉपर्टी
८      डेफ अदलाबदल(सेल्फ):
९          रिटर्न "सीताबर्डी"

नऊच ओळी आहेत, पण एडिटरला अडचणीत आणणारे बहुतेक सगळे यात आले: फंक्शनच्या पोटात फंक्शन, डेकोरेटर (सातव्या ओळीसारखी @ ने सुरू होणारी, खालच्या फंक्शनला लागू होणारी ओळ) आणि मराठी मजकूर.

शब्द शोधून मारलेली उडी

विम या एडिटरमध्ये पायथनची फाईल उघडली की उजवा चौकोनी कंस दोनदा दाबून पुढच्या वरच्या पातळीवरच्या, म्हणजे डाव्या कडेला चिकटलेल्या, क्लास किंवा फंक्शनवर जाता येते. डावा कंस दोनदा दाबला की मागे. कंस आणि लगेच एम दाबले तर कोणत्याही पातळीवरचे पुढचे किंवा मागचे डेफ मिळते. हे सगळे पॅटर्न जुळवून चालते आणि म्हणूनच फार वेगवान आहे.

या कळा चालत नसतील तर बहुधा फाईलटाइप प्लगिन, म्हणजे फाईलच्या भाषेप्रमाणे कळा लावणारा भाग, बंद असतो. विम ८ पासून स्वतःची सेटिंग फाईल नसलेल्या माणसाला तो आपोआप चालू मिळतो, पण तुम्ही नवी विमआरसी फाईल केली, मग ती रिकामी का असेना, की विम आपली मूळ सेटिंग वाचणे सोडून देतो. अशा वेळी विमआरसीत ‘फाईलटाइप प्लगिन इंडेंट ऑन’ ही ओळ स्वतः लिहावी लागते. ती नसेल तर दोन कंसांची कळ पहिल्या स्तंभातला महिरपी कंस शोधत बसते. तसा कंस पायथनमध्ये सहसा नसतोच, त्यामुळे कर्सर थेट फाईलच्या टोकाला जातो. निओविममध्ये हा प्लगिन मुळातच चालू असतो.

आता पाचव्या ओळीवर या आणि ‘मागचे डेफ’ दाबा. कर्सर तिसऱ्या ओळीवर जाईल. पण पाचवी ओळ ‘ओळ_तपास’मध्ये नाही, ती ‘स्थानके_वाच’मध्ये आहे. मागचे डेफ वेगळे आणि आपण ज्याच्या आत आहोत ते डेफ वेगळे. झिरो माईलनंतर सीताबर्डी आले म्हणून सीताबर्डी काही झिरो माईलच्या पोटात जात नाही, तसेच हे. पॅटर्नला फक्त क्रम कळतो, कोण कोणाच्या आत आहे ते कळत नाही.

दुसरी चूक डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे फंक्शनची माहिती देणाऱ्या मजकुरात, होते. तिहेरी अवतरणांमध्ये उदाहरण म्हणून डेफने सुरू होणारी ओळ लिहिली असेल, तर पॅटर्न तिलाही फंक्शन समजतो. स्वतःचा पॅटर्न लिहिणारे आणखी एक गोष्ट हमखास विसरतात: डेफच्या आधी असिंक येऊ शकते. असिंक डेफ पायथन ३.५ मध्ये आले, पण कित्येक जुन्या सेटिंगमध्ये त्याची सोय अजून नाही, आणि मग फाईलमधली निम्मी फंक्शने यादीत दिसतच नाहीत.

मोकळ्या जागेचा हिशेब

पायथनमध्ये ब्लॉक संपल्याची खूण म्हणून कंस नसतो. मग तो संपला हे ठरते कसे, ते स्वतः पायथनकडूनच शिकावे. पायथनचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे टोकन नावाचे तुकडे पाडणारा भाग, एक चळत ठेवतो आणि तिच्यात सुरुवातीला ० असतो. ओळीची मोकळी जागा चळतीच्या टोकाच्या आकड्यापेक्षा जास्त निघाली, की तो आकडा वर ठेवून एक इंडेंट टोकन निघते. कमी निघाली, की जुळणारा आकडा सापडेपर्यंत वरचे आकडे काढले जातात आणि प्रत्येक काढलेल्या आकड्यामागे एक डीडेंट टोकन निघते. आपल्या फाईलमध्ये चळत ०, ४, ८, १२ अशी चढते. पाचव्या ओळीला १२ निघतो, सातव्या ओळीला ८ निघतो, नवव्या ओळीला ८ पुन्हा चढतो आणि फाईल संपताना उरलेले ८ आणि ४ निघतात. एकूण चार इंडेंट आणि चार डीडेंट. पडताळून पाहायचे असेल तर टर्मिनलमध्ये पायथनला एम पर्यायाने टोकनाइझ मॉड्यूल आणि फाईलचे नाव द्या, सगळी टोकन ओळींच्या क्रमांकासह छापली जातात. पाचव्या ओळीला ८ ऐवजी १० जागा दिल्या तर १० हा आकडा चळतीत कुठेच सापडत नाही, आणि बाहेरच्या कोणत्याही पातळीशी इंडेंट जुळत नसल्याची तक्रार येते.

‘मी कोणत्या फंक्शनमध्ये आहे’ याचे उत्तर याच हिशेबातून काढता येते. चालू ओळीची मोकळी जागा ही मर्यादा धरा. एकेक ओळ वर जा. रिकाम्या ओळी आणि टिप्पण्या सोडा. मर्यादेपेक्षा कमी जागेची ओळ भेटली, की तिचा आकडा ही नवी मर्यादा. ती ओळ डेफ, असिंक डेफ किंवा क्लासची असेल तर थांबा, नाहीतर पुढे वर जा. पाचव्या ओळीची मर्यादा ८ आहे. चौथीला १२ आणि तिसरीला ८, दोन्ही कमी नाहीत. दुसरीला ४, म्हणून तीच खरी.

यात ‘मर्यादा उतरवत जाणे’ हीच मेख आहे. अनेक जण सोपा रस्ता घेतात आणि सुरुवातीच्या आकड्यापेक्षा कमी जागेचे सर्वांत जवळचे डेफ पकडतात. सरळ कोडमध्ये ते निभते. पण सहाव्या ओळीच्या जागी ८ जागांवर एक इफ आणि त्याच्या आत १२ जागांवर काही ओळी आल्या, तर तिथून १२ पेक्षा कमी असलेले जवळचे डेफ पुन्हा तिसऱ्या ओळीचेच निघते. इफची ओळ ओलांडताना मर्यादा ८ वर आणली, तरच उत्तर बरोबर येते.

हा हिशेब तीन ठिकाणी फसतो. एक म्हणजे लांब स्ट्रिंग: फंक्शनच्या आत तिहेरी अवतरणांत एसक्यूएलची क्वेरी डाव्या कडेला चिकटवून लिहिली, की मोकळी जागा मोजणाऱ्या एडिटरला वाटते फंक्शन इथेच संपले. दुसरे, कंसात मोडलेल्या ओळी. कंस उघडा असताना पायथन इंडेंट बघतच नाही, एडिटरने मात्र तेही पाहायला हवे. तिसरे म्हणजे डाव्या कडेला लिहिलेली टिप्पणी. टिप्पणीने पायथनमध्ये ब्लॉक संपत नाही, पण एडिटरमधली घडी (ब्लॉक मिटवून एका ओळीत दाखवण्याची सोय) मात्र तिथे तुटू शकते. विममध्ये घडी घालायची पद्धत इंडेंटवर ठेवली असेल तर फोल्डइग्नोर या सेटिंगमुळे हॅशने सुरू होणाऱ्या ओळींना शेजारच्या ओळींची पातळी मिळते, म्हणून तिथे हा त्रास होत नाही. व्हीएस कोडमध्ये फोल्डिंग स्ट्रॅटेजी ‘ऑटो’ ठेवा. ती ‘इंडेंटेशन’वर असेल तर क्वेरी असलेल्या फंक्शनची घडी मधेच तुटते.

टॅब आणि स्पेस मिसळलेली फाईल हा वेगळाच ताप. पायथन टॅबला पुढच्या ८ च्या पटीपर्यंत नेतो, तुमचा एडिटर कदाचित ४ दाखवत असेल, आणि डोळ्यांना सरळ दिसणारी ओळ पायथनला तशी दिसत नाही. टॅब किती रुंद धरला यावर अर्थ बदलत असेल, तर पायथन ३ टॅबएरर देऊन थांबतो. आधी पायथनसोबतच येणारे टॅबनॅनी मॉड्यूल फाईलवर चालवा, ते संशयास्पद ओळ दाखवते. मग व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमधून ‘कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस’ निवडा. विममध्ये एक्सपँडटॅब चालू करून रीटॅब द्या, पण त्याआधी टॅबस्टॉप मूळ लेखकाने वापरलेल्या रुंदीइतका ठेवा. रीटॅब स्ट्रिंगमधले टॅबही बदलतो, त्यामुळे टॅबने तोडलेला डेटा फाईलमध्येच लिहिला असेल तर आधी तो तपासा.

झाड: व्याकरण लावून

पॅटर्न आणि मोजमाप दोन्ही जिथे थकतात तिथून पार्सरचे, म्हणजे व्याकरण लावणाऱ्या प्रोग्रामचे, काम सुरू होते. पायथनमध्ये एएसटी हे मॉड्यूल आहेच. फाईलचा मजकूर यूटीएफ-८ मध्ये वाचा, पार्स फंक्शनला द्या, आणि मिळालेल्या झाडात फंक्शनडेफ, असिंकफंक्शनडेफ आणि क्लासडेफ हे तीन प्रकारचे नोड शोधा. प्रत्येकाला सुरुवातीच्या ओळीचा क्रमांक असतो आणि पायथन ३.८ पासून शेवटच्या ओळीचाही. कर्सर ज्यांच्या सुरुवात-शेवटात बसतो त्यांतला सर्वांत लहान नोड म्हणजे आपले फंक्शन. झाडात फिरायला वॉक फंक्शन वापरू नका, त्यात नोड ठरावीक क्रमाने येत नाहीत आणि कोण कोणाच्या आत तेही हरवते. नोडव्हिजिटर वापरा.

डेकोरेटरकडे लक्ष हवे. पायथन ३.८ च्या आधी ‘अदलाबदल’ची सुरुवात सातवी ओळ म्हणून मिळायची, ३.८ पासून आठवी मिळते. फंक्शन कापून दुसरीकडे चिकटवण्याची सोय करत असाल आणि नोडच्या क्रमांकावरच विसंबलात, तर प्रॉपर्टीची ओळ मागे राहील आणि ती खालच्या भलत्याच फंक्शनला जाऊन चिकटेल. त्यात चूक अशी काहीच दिसत नाही, प्रोग्राम चालतो आणि उत्तर मात्र वेगळे देतो. डेकोरेटरच्या यादीतल्या पहिल्याचा ओळ क्रमांक आधी पाहा, तो असेल तर तीच खरी सुरुवात.

स्तंभाचा आकडा मराठी मजकूर लिहिणाऱ्यांना विशेष चकवतो. एएसटी स्तंभ बाइटमध्ये मोजते, अक्षरांत नाही. नवव्या ओळीत ८ जागा, मग रिटर्न आणि एक जागा मिळून १५, तिथे स्ट्रिंग सुरू होते. ‘सीताबर्डी’त ९ युनिकोड चिन्हे आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २७, आणि दोन अवतरणचिन्हे. म्हणून स्ट्रिंगचा शेवट ४४ वर येतो. चिन्हे मोजली तर तोच शेवट २६ वर असतो. १८ चा हा फरक ध्यानात घेतला नाही तर कर्सर ओळीच्या बाहेर जातो. उपाय एवढाच: ओळ यूटीएफ-८ बाइटमध्ये बदला, तेवढे बाइट कापा, पुन्हा मजकुरात आणा आणि लांबी मोजा.

देवनागरी नावांचाही एक खड्डा आहे. पायथनच्या आरई मॉड्यूलमध्ये शब्दाचे अक्षर दाखवणारी डब्ल्यूची खूण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त धरत नाही. तिने बनवलेल्या यादीत ‘स्थानके_वाच’च्या जागी नुसता ‘स’ दिसतो आणि ‘अदलाबदल’चे ‘अदल’ उरते. म्हणून नाव पकडताना ‘पुढची मोकळी जागा, कोणताही कंस किंवा अपूर्णविराम (:) येईपर्यंत सगळे’ असा पॅटर्न ठेवा आणि मिळालेले नाव इजआयडेंटिफायरने तपासा. नावात ‘ऱ्य’सारख्या जोडाक्षरासाठी झिरो विड्थ जॉइनर शिरला असेल तर पायथन फाईल वाचायलाच नकार देतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे शोधायला वेळ जातो. आमचे मत विचाराल तर स्ट्रिंग आणि टिप्पण्या खुशाल मराठीत लिहाव्यात, पण चारचौघांत वापरायच्या कोडमधली नावे रोमनच ठेवावीत, कारण अडतात ती अवजारे.

एएसटीची मोठी मर्यादा अशी, की फाईलमध्ये एक जरी व्याकरणाची चूक असली तरी झाड मिळत नाही. आणि आपण टाइप करत असताना फाईल बहुतेक वेळ अर्धवटच असते. त्यासाठी एडिटर ट्री-सिटर नावाचे पार्सर वापरतात. चुकीच्या जागी ते एरर नोड ठेवते आणि बाकीचे झाड तसेच उभे करते. शिवाय दर कळीमागे सगळी फाईल नव्याने न वाचता बदललेला भागच दुरुस्त करते. निओविममध्ये ०.५ आवृत्तीपासून आणि ईमॅक्समध्ये २९ पासून त्याची सोय आहे. डेकोरेटरसह फंक्शन हा त्यात स्वतंत्र नोड आहे, त्यामुळे वरची सातव्या-आठव्या ओळीची भानगड उरत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये काहीच इन्स्टॉल करता येत नसेल तरी पायथनसोबत येणारे आयडल हे एडिटर पुष्कळ काम करते. फाईल मेनूतला मॉड्यूल ब्राउझर क्लास आणि फंक्शनची यादी देतो. ऑप्शन्समधले ‘शो कोड काँटेक्स्ट’ चालू केले, की आपण ज्या क्लासमध्ये आणि फंक्शनमध्ये आहोत त्यांच्या ओळी खिडकीच्या वर टिकून राहतात.

एका फाईलच्या बाहेर

दुसऱ्या फाईलमधल्या व्याख्येवर जायचा जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग म्हणजे टॅग, म्हणजे कोणते नाव कुठे आहे याची फाईलमध्ये ठेवलेली यादी. ती बनवणारा युनिव्हर्सल सीटॅग्ज हा प्रोग्राम प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये आर पर्यायाने चालवा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (प्रोजेक्टपुरत्या लायब्ररी ठेवलेला) फोल्डर एक्सक्लूडने वगळायला विसरू नका, नाहीतर सगळ्या लायब्ररींची नावे यादीत येतात आणि ‘रन’ किंवा ‘गेट’ शोधले की ढीग समोर पडतो. विममध्ये नावावर कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की व्याख्या, कंट्रोल-टी दाबला की परत. टॅगची फाईल आपोआप ताजी होत नाही. कोड बदलल्यावर उडी जुन्या जागी गेली तर आधी ती फाईल नव्याने बनवा.

लँग्वेज सर्व्हर याहून पुढे जातो. एडिटर आणि सर्व्हर यांनी कसे बोलायचे याचा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुला केला, तेव्हापासून एकच सर्व्हर अनेक एडिटरांना चालतो. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ या फाईलमधली नावे दाखवते, तिथेच अपूर्णविराम (:) टाइप केला की ती प्रकारानुसार गटांत लागतात. कंट्रोल-टी सगळ्या प्रोजेक्टमधली नावे शोधते. एफ१२ व्याख्येवर नेते, शिफ्ट-एफ१२ वापर कुठे कुठे आहे ते सांगते. परतीची कळ विंडोजवर ऑल्ट आणि डावा बाण, लिनक्सवर कंट्रोल-ऑल्ट-हायफन. ही परतीची कळ बोटांत बसेपर्यंत एफ१२ चा खरा फायदा मिळत नाही. पायचार्ममध्ये फाईलच्या रचनेसाठी कंट्रोल-एफ१२, व्याख्येसाठी कंट्रोल-बी, आणि मेथड ते मेथड जायला ऑल्टसह वर-खालचे बाण. ईमॅक्समध्ये मेटा-टिंब (मेटा म्हणजे बहुधा ऑल्टची कळ) व्याख्येवर, मेटा-स्वल्पविराम परत, आणि कंट्रोल-मेटा-यू बाहेरच्या ब्लॉकवर.

एफ१२ काहीच करत नसेल तर पहिला संशय इंटरप्रिटरवर, म्हणजे एडिटरने निवडलेल्या पायथनवर, घ्या. लायब्ररी एका एन्व्हायर्नमेंटमध्ये आणि एडिटर दुसऱ्याच पायथनकडे बघत असतो. कमांड पॅलेटमधून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ उघडा आणि प्रोजेक्टचाच निवडा. आपलेच मॉड्यूल सापडत नसेल तर बहुधा प्रोजेक्टचा आतला फोल्डर उघडलेला असतो. मूळ फोल्डर उघडा किंवा पायलान्सच्या (व्हीएस कोडमधल्या पायथनच्या लँग्वेज सर्व्हरच्या) एक्स्ट्रापाथ्स सेटिंगमध्ये तो रस्ता द्या.

उडी कोडऐवजी फंक्शनची नुसती नावे आणि पॅरामीटर असलेल्या पीवायआय फाईलवर गेली, तर ‘गो टू डिक्लरेशन’ दाबले गेले का ते पाहा. ‘गो टू डेफिनिशन’ मूळ कोड शोधते. मॅथसारखे मॉड्यूल सी भाषेत लिहिलेले आहे, त्याचा पायथन कोड नसतोच, तिथे पीवायआय फाईलवरच थांबावे लागते.

आणि कधी कधी दोष कोणाचाच नसतो. फंक्शनला ‘मार्ग’ प्रकारची वस्तू मिळणार हे तुम्हाला माहीत असते, पण पॅरामीटरवर तसे कुठे लिहिलेले नसते. मग त्या वस्तूच्या ‘अदलाबदल’वर एफ१२ दाबले तर सर्व्हर कुठे जाणार? पॅरामीटरच्या नावापुढे अपूर्णविराम (:) देऊन क्लासचे नाव लिहा, तीच कळ लगेच चालू लागते. गेटॲट्रने नाव स्ट्रिंगमधून काढलेले असेल, किंवा फंक्शने डिक्शनरीत ठेवून किल्लीने बोलावली असतील, तर मात्र कोणताही सर्व्हर हात टेकतो. तिथे स्ट्रिंगचाच साधा शोध घ्या, व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ.